आईचं नाक आणि सफरचंदाचा क्रंबल

आई जिन्यावरून पडली ती भाजी आणायला उतरताना. शेवटच्या पायऱ्या राहिल्या होत्या, पाय सरकला आणि डोक्याचा मागचा भाग कठड्यावर आपटला. रक्त फारसं आलं नाही. शेजारच्या काकूंनी तिला उठवून बसवलं, मला फोन केला, आणि मी कंपनीतून पोचेपर्यंत ती रिकामी पिशवी मांडीवर धरून तिथेच बसून होती. पालघरच्या एका दवाखान्यात तिला काही दिवस ठेवलं. डोक्याचे फोटो काढले, आतली सूज हळूहळू ओसरली. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. आम्हीही तसंच म्हणत बोईसरला घरी आलो.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याकडे जाताना सफरचंदं न्यायची हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण आमच्या इमारतीत तो नियम फार कडक पाळला जातो. दातिवऱ्याहून मामा-मामी आले, ते तेवढे शहाळी आणि सुकट घेऊन आले. बाकी ज्याच्या त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी. फ्रिजचा खालचा कप्पा भरला, मग टेबलावरची परडी भरली. आईला हे फळ कधीच आवडलं नव्हतं. "कापूस खाल्ल्यासारखं लागतं," ती म्हणायची, आणि आलेल्या माणसालाच त्यातलं एक कापून द्यायची.

आई डबे करायची. वडील गेल्यावर तिने ते सुरू केलं होतं. बोईसरला एकटे राहणारे पुरुष पुष्कळ. कुणी बिहारचा, कुणी गोरखपूरकडचा, कुणी आपल्या जळगावचा. कारखान्यातली पाळी सांभाळून खोलीवर स्वयंपाक करायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यातल्या काही जणांना आई दोन वेळा जेवण द्यायची. मी औषधांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे घर काही तिच्या डब्यांवर चालत नव्हतं. पण ती डब्यांवर चालायची, असं म्हटलं तरी चालेल.

स्वयंपाक करताना तिने कधी चव पाहिली नाही. ज्याला द्यायचं त्याच्याआधी आपण उष्टं करायचं नाही, हा तिच्या माहेरचा शिरस्ता. मीठ, तिखट, आमटी शिजली की नाही, सगळं ती वासावर ओळखायची. मिठाला वास नसतो, असं मी एकदा तिला सांगितलं होतं. "तुला नाय येत," ती म्हणाली होती.

दवाखान्यातून आल्यावर थोडी विश्रांती झाली आणि ती पुन्हा ओट्याशी उभी राहू लागली. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर दुसऱ्या मजल्यापासूनच करपल्याचा वास येत होता. आमच्या दाराशी पोचले तेव्हा धूर फटीतून बाहेर येत होता. आत आई बैठकीत जमिनीवर बसून वाल सोलत होती.

"आई, काय जळतंय?"

"कुठं काय जळतंय?" तिने मान वर करून विचारलं.

मी आत धावले. दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. गॅस बंद केला, खिडकी उघडली. आई माझ्यामागून आली, पातेल्यात बघितलं, मग वाकून तोंड अगदी जवळ नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"मला काय कळलंच नाय," ती म्हणाली.

माझं कामच तपासणीचं. मी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. लवंग, हिंग, कापूर, फिनेलची बाटली. ती प्रत्येक वेळी "नाय" म्हणाली. एकदाच म्हणाली, "सुकट." मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "त्या डब्याचं झाकण वाजतं ना, तसं वाजलं."

पालघरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या वरच्या बाजूला बारीक तंतू असतात, डोक्याला जोराचा धक्का बसला की ते तुटतात. काहींचे परत जुळतात, काहींचे नाही. औषध असं नाही. रोज ठरावीक वास नाकाशी धरायचे आणि आठवायचा प्रयत्न करायचा. वर्षभर वाट पाहू, म्हणाले. परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "धरायचं तरी काय आणि आठवायचं तरी काय."

तिने डबे मात्र बंद केले नाहीत. हाताला सवय आहे, अंदाजाने होईल, असं तिला वाटत होतं आणि मलाही. मग एके दिवशी गोरखपूरचा मुलगा, डबा घेणाऱ्यांतला सगळ्यांत जुना, स्वतः डबा घेऊन घरी आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला.

"आंटी, बुरा मत मानना," तो म्हणाला. "दाल खट्टी हो गई है."

उकाड्याचे दिवस होते. सकाळची आमटी संध्याकाळच्या डब्यात भरताना आंबलेली होती, आणि झाकण उघडून, पळीने ढवळून, वाढून तिला ते कळलं नव्हतं. त्या मुलाने बाकीच्यांनाही फोन करून ती खाऊ नका म्हणून सांगितलं होतं. कुणाला काही झालं नाही. त्याने ही गोष्ट इतक्या अदबीने सांगितली की आईला रागावायलाही जागा उरली नाही. तो गेल्यावर तिने एकेकाला फोन लावला आणि तिच्या हिंदीत सांगितलं, की उद्यापासून डबा नाही, दुसरीकडे बघा. मग डबे धुऊन, पुसून, उन्हात वाळवून तिने माळ्यावर ठेवायला सांगितले. मी ठेवले.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जाऊ लागली. मी सकाळी भात-आमटी करून ठेवी. संध्याकाळी आले की त्यातलं बरंचसं तसंच असे. "चोथा चघळल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. दहीभातावर कच्ची मिरची आणि मीठ एवढंच ती खायची, कारण ते निदान जिभेला लागायचं. तिच्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत चढू लागल्या. ब्लाउज मी दोनदा आतून शिवण मारून आणले. मला काळजी होती, पण आम्हा दोघींमध्ये काळजी बोलून दाखवायची पद्धत नाही. मी वजनाचा काटा आणला आणि तिने तो पलंगाखाली सरकवला.

सफरचंदं सुरकुतायला लागली होती. एकदा प्रयोगशाळेत कुणाच्या तरी निरोपाला एका सहकारी बाईने काचेच्या भांड्यातून क्रंबल आणला होता, तो मला आठवला. खाली शिजलेलं सफरचंद, वर लोण्या-मैद्याचा भाजलेला चुरा. मी त्या बाईला विचारलं, हे अवघड असतं का? "केकसारखं नाही," ती म्हणाली. "केक बिघडतो. हा मुळात विसकटलेलाच असतो, आणखी काय बिघडणार?" तिने कृती फोनवर पाठवली. माझ्याकडे छोटा ओव्हन होता. हौसेने घेतलेला, एकदाच केक केलेला, आणि मग पापड भाजायला वापरलेला.

रविवारी दुपारी मी बसले. सफरचंदं सोलली, फोडी केल्या. ती गोडमिट्ट आणि पिठूळ झाली होती, म्हणून लिंबू जास्त पिळलं. साखर, थोडी दालचिनी. मग परातीत मैदा, साखर आणि फ्रिजमधलं गार लोणी घेतलं. बोटांच्या टोकांनी चोळून जाडसर रव्यासारखं करायचं, असं कृतीत होतं. पण ऑक्टोबरचा उकाडा आणि माझे गरम हात. लोणी वितळलं, मैदा बोटांना चिकटला, आणि रव्याऐवजी गोळा व्हायला लागला.

आई पाणी प्यायला आली होती. तांब्या हातात धरून उभी राहिली.

"काय करतेस?"

"सफरचंदाचं गोड. ओव्हनमधलं."

"आणि हे काय पोळ्या लाटायचंय?"

"चुरा व्हायला पाहिजे. होत नाहीये."

तिने तांब्या ठेवला. "परात फ्रिजमध्ये टाक. हात गार पाण्यात धर." थोड्या वेळाने परात बाहेर काढली तेव्हा ती मला बाजूला करून खाली बसली, त्यात अजून मूठभर मैदा टाकला आणि दोन्ही तळव्यांमध्ये हलक्याने चोळू लागली. करंजीच्या पिठाला मोहन चोळतात तसं. मूठ आवळून बघितली, मुटका झाला, अंगठ्याने दाबला तर फुटला. "हां," ती म्हणाली. पडल्यापासून तिच्या तोंडून तो 'हां' मी ऐकला नव्हता. मी फोडी भांड्यात पसरायला घेतल्या; त्यावर काही बोलले असते तर ती उठून गेली असती.

फोडींवर चुरा पसरला, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. अर्धवट भाजलं असेल नसेल, तोच वीज गेली.

"उघडू नको," आई म्हणाली. "आतली ऊब जाऊ देऊ नको."

आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. पंखा नाही, टीव्ही नाही, आणि ओव्हन सोडून जाता येत नाही. आई आपणहून बोलायला लागली.

"वास गेला तर काय मोठंसं, असं लोकांना वाटतं. आंधळं-बहिरं झालं तर माणसं हळहळतात. याला कोण हळहळेल?"

"मला माहीत आहे, आई."

"तुला नाय माहीत. सकाळी उठते तर सकाळ झाली असं वाटत नाय. घरात येते तर हे आपलं घर हाय हे डोळ्यांनी बघून कळतं. पाहुणी आल्यागत वाटतं. तुझ्या बाबांचा तो जुना स्वेटर हाय कपाटात. काढून बघितला. नुसती लोकर."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. मग वीज आली आणि आतून ओव्हनची घरघर पुन्हा सुरू झाली.

कडेने रस उकळून वर आला होता आणि चुऱ्याला तांबूस रंग चढला होता. घरभर दालचिनीचा वास पसरला होता, म्हणजे मला येत होता. आइस्क्रीम घरात नव्हतं. आईने फ्रिजमधलं घट्ट दही काढलं, साखर घालून घोटलं, आणि दोन वाट्यांत गरम क्रंबलवर एकेक चमचा घातलं.

तिने पहिला घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला, या वेळी एका बाजूच्या दाढेखाली, सावकाश. मी माझ्या वाटीकडे बघत राहिले.

"ह्याला आवाज हाय," ती म्हणाली.

"आवाज?"

"वरचं वाजतंय. खालचं मऊ, आंबट. दही गार, हे गरम." तिने आणखी एक घास घेतला. "दालचिनी काय मला लागत नाय. पण तोंडात काय चाललंय ते कळतंय."

तिने वाटी संपवली आणि भांड्यातून पुन्हा घेतलं. एवढंच घडलं. वाचणाऱ्याला ते थोडं वाटेल. पण दुपारचा भात झाकून ठेवलेल्या घरात ते थोडं नव्हतं.

मला वाटलं होतं एकदा खाल्लं, संपलं. पण पुढच्या रविवारी तिने फ्रिजमधली सफरचंदं स्वतःच काढून ठेवली होती. मग ती त्यात आपले बदल करू लागली. मैद्यात तांदळाचा जाडसर रवा मिसळला, त्याने वरचा थर आणखी कडक झाला. एकदा जाडे पोहे भाजून, कुस्करून घातले. एकदा पेरू घालून बघितला आणि बिया दातात अडकल्या म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. सफरचंद आंबट हवं, हे लक्षात आल्यावर ती बाजारात फळवाल्याला हिरवी सफरचंदं मागू लागली. तिच्यासाठी पदार्थ म्हणजे आता वाजणं, मोडणं, चटका आणि गारवा झाला होता, आणि त्या हिशेबाने ती सगळ्याच खाण्याकडे नव्याने बघू लागली. भाताबरोबर तळलेली कुरडई आली. वरणावर कच्चा कांदा आला. बांगड्या हळूहळू मनगटावर उतरल्या.

एकदा चुऱ्यात सुकं खोबरं घातलं होतं आणि ते खवट निघालं. मी घास तोंडात घेतला आणि थांबले. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "खोबरं खवट आहे."

तिने भांडं उचललं, सगळं कचऱ्यात टाकलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ती बाहेर आली ती दिवेलागणीला. म्हणाली, "यापुढे घालायच्या आधी मी तुला बोलावणार. वास घ्यायचा आणि खरं सांगायचं. माझं तोंड बघून नाय सांगायचं."

तेव्हापासून मी घरातलं नाक झाले. "ये गं, वास घे," अशी हाक आली की हातातलं टाकून जायचं. मला वाटलं सोपं आहे. पण नुसतं 'चांगला येतोय' म्हटलं की ती चिडायची. "चांगला म्हंजे काय? मसाल्याचा कच्चट वास गेला का? कांदा गोड झाला का? तेल वर आल्यासारखा येतो का?" कामावर मी यंत्रांनी मोजते आणि आकडे लिहिते. वासाला माझ्याकडे शब्दच नव्हते. मी म्हणायची, "पावसात भिजलेल्या पोत्यासारखा येतोय," आणि ती म्हणायची, "मग अजून शिजलं नाय." हे तिला कसं कळायचं ते तिलाच ठाऊक.

पालघरच्या मासळी बाजारातही ती मला घेऊन जाऊ लागली. माशाचे डोळे, कल्ले, बोटाने दाबून मांस वर येतं का, हे ती बघायची, पण शेवटी मासा माझ्या नाकासमोर धरायची. तिची नेहमीची कोळीण, तिच्याच माहेरच्या बाजूची, हे बघून भडकली.

"मावशे, माज्यावर इस्वास नाय? पोरीला वास घ्यायला आनलीस?"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मला वाटलं आई काहीतरी बहाणा करेल. तोवर आमच्या इमारतीतही तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझं नाक गेलं," आई मोठ्याने म्हणाली. "पडले, तेव्हापासून वास येत नाय मला. कसलाच."

कोळणीने कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "नाक कापलं तर नाय ना गेलं? मंग झालं तर." बाजूच्या दोघी-तिघी हसल्या आणि त्यांच्याबरोबर आईही हसली. इतकी, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. त्यानंतर ती कोळीण स्वतःच सांगते, हा घे, हा नको, हा कालचा हाय.

हिवाळ्यात एका सकाळी आई माझ्या खोलीत आली. "काहीतरी जळतंय," ती म्हणाली. मी उठून सगळं बघितलं. गॅस बंद होता, ओव्हन बंद होता, खालीही कुणी काही पेटवलेलं नव्हतं. "मला येतोय," ती म्हणाली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. पुढचे काही दिवस तिला अधूनमधून तो जळका वास येत राहिला. तिने लवंग नाकाशी धरली, लिंबू धरलं, सुकटीचा डबा उघडला, पण त्यांचा काही येईना. डॉक्टर म्हणाले, तंतू जुळताना असं होतं, आणि कधी कधी मेंदू उगाचच असं करतो. यातलं कुठलं, ते आत्ता सांगता येणार नाही. मग तो वासही यायचा थांबला. आईने दोन-तीन रविवार ओव्हन लावला नाही.

वर्ष उलटल्यावर आम्ही पुन्हा पालघरला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि आता फारशी आशा धरू नका, असं सांगितलं. आईने मान हलवली. बाहेर येऊन तिने मला विचारलं, इथे आलोच आहोत तर लोणी घेऊन जाऊ या का. आम्ही घेतलं.

डबे तिने पुन्हा सुरू केले नाहीत. दुसऱ्याच्या पोटात जाणाऱ्या अन्नाची खात्री माझ्या नाकावर सोडायची तिची तयारी नाही, आणि ते बरोबरच आहे. घरापुरता स्वयंपाक करते. मी घरी असले तर फोडणीचं, नसले तर बिनफोडणीचं. रविवारी क्रंबल होतो. शेजारच्या काकूंना त्याचं नाव उच्चारता येत नाही, त्या त्याला 'तुमचा तो सफरचंदाचा चिवडा' म्हणतात, आणि वाटी रिकामी परत देत नाहीत.

परवा संध्याकाळी कारखान्यांकडून रसायनांच्या उग्र वासाचा वारा सुटला. आमच्याकडे असा वारा आला की इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक धडाधड बंद होतात. मी नाकाला ओढणी लावून गॅलरीत गेले. आई खुर्ची टाकून बसली होती, क्रंबलची वाटी हातात, समोरच्या तारेवरचे पोपट बघत.

"आत चल, दार लावून घेते," मी म्हणाले.

"तू लाव," ती म्हणाली. "मी बसते."

मी दार ओढून घेतलं. काचेतून तिचा जबडा हलताना दिसत होता, सावकाश, एका बाजूने.